पुस्तकाला पाय

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मेलबर्नच्या एका युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मी फिजिक्स शिकत होते. वर्गात मुलगी मी एकटीच. पहिल्याच प्रॅक्टिकलला टेबलाखाली पडलेल्या माझ्या पुस्तकाला माझा पाय लागला. सवयीने मी ते उचलून कपाळाला लावलं. पोरं खो खो हसली. प्रॅक्टिकल घेणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरने विचारलं, "यात देव असतो का तुमचा?"

मग तो खेळच झाला. दर प्रॅक्टिकलला मेले माझं पुस्तक कोपराने खाली ढकलायचे, त्यावर बूट ठेवायचे आणि मी कधी वाकते याची वाट बघायचे. मी वाकायचे. तेवढ्यात रीडिंग हुकायचं आणि मार्क जायचे. "नो वरीज, मेट," डेमॉन्स्ट्रेटर म्हणायचा, "देवाकडून मागून घे."

एके दिवशी मी वाकले नाही. पडलेलं पुस्तक बुटाने बाजूला सारलं आणि रीडिंग घेतलं. डेमॉन्स्ट्रेटरने माझा खांदा थोपटला. "आता दिसतेस फिजिक्सवाली."

घरी आई पुस्तकावरचा बुटाचा ठसा पदराने पुसत बसली. "कुठल्या मेल्याचा गं हा पाय?"

"माझा," मी म्हणाले.