शिटीपलीकडचा किनारा

निवृत्तीनंतर परदेशी, सेम्बावांगला मुलीकडे राहायला आलो तेव्हा वाटलं, नौदल सुटलं. कसलं काय! तिथल्याच सेरंगून भागातल्या मराठी मंडळींनी मला व्याख्यानाला उभं केलं. विषय त्यांनीच दिलेला: जुन्या काळचा एक इंग्रज नौदल कप्तान, जो पुढे दूरच्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर झाला. टंचाईत त्याने घरचं पीठ सरकारी कोठारात टाकलं आणि कैद्यांइतकंच खाल्लं. विषय सोपा होता. पण श्रोत्यांत सावंतची मुलगी येणार हे कळल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमचा वरिष्ठ खलाशी, लीडिंग सीमन सावंत, आमच्या जहाजावर असताना समुद्रात गेला तेव्हा ती पाळण्यात होती. आता ती इथे मरीन इंजिनियर आहे.

बोलता बोलता मी गव्हर्नरवरून आमच्या कॅप्टनवर आलो. चक्रीवादळानंतर आम्ही एका बेटावर मदतीला गेलो होतो. तिथला कारभार कोलमडलेला, त्यामुळे काही दिवस बेट कॅप्टनच्याच हाती होतं. पाठीमागे आम्ही त्यांना 'गव्हर्नर' म्हणायचो. पण हा माणूस उंटावरून शेळ्या हाकणारा नव्हता. ऑफिसर असो, खलाशी असो की बेटावरची म्हातारी, प्रत्येकाला मगभरच पाणी, आणि साहेब स्वतः रांगेत. सकाळी धक्क्यावर बोसनची, म्हणजे खलाशांच्या मुकादमाची, शिटी वाजली की रांग लागायची, अगदी जहाजावरच्यासारखी.

तिथेच आमचं चुकलं. जहाजावर शिटी सगळ्यांना ऐकू येते. या बेटाला मध्ये डोंगर होता आणि पलीकडची वाट दरडीखाली गेली होती. शिटीला आले तेवढेच लोक, असं आम्ही धरून चाललो. मग एक कोळी कसाबसा डोंगर ओलांडून आला. पलीकडे अख्खी वस्ती तहानलेली होती.

कॅप्टनचा चेहरा पडला. "पाण्याचे कॅन घेऊन बोट आत्ता जाईल."

समुद्र खवळलेला होता. सावंत म्हणाला, "सर, मी नेतो."

मी जहाजाच्या ब्रिजवर, सुकाणूच्या खोलीत, रेडिओ सांभाळत होतो. सावंतचा आवाज आला.

"ब्रिज, बोट. लाटा फार मोठ्या. ओव्हर."

कॅप्टनने खूण केली, मी म्हणालो, "बोट, ब्रिज. परत फिरा. ओव्हर."

"ब्रिज, बोट. किनाऱ्यावर पोरं उभी आहेत. आत घालतो. आऊट."

बोट उलटली. बरोबरचे दोघे पोहून निघाले. सावंत नाही.

सभागृहात सावंतची मुलगी उठली. चूक कोणाची, हे ती विचारेल असं मला वाटलं. उत्तर तयार होतं: कॅप्टनची, आणि आम्हा सगळ्यांची.

"काका, आम्हाला फक्त बोट बुडाल्याचं कळवलं होतं. बाबांचा जीव फुकट गेला, असं आई आजही म्हणते. पाण्याचं काय झालं?"

"पोचलं, बाळ. कॅन तरंगत किनाऱ्याला लागले. आम्ही डोंगर चढून गेलो तेव्हा पोरं तेच पाणी पीत होती."

तिने तिथेच मालवणला फोन लावला.

"आई," ती म्हणाली, "लोक प्यायले गं."