लूझच्या गावची सुकी मासळी

आज बेसमेंटमधल्या भाडेकरूंनी सुकी मासळी तळली. वास वर आला आणि कॅनडातल्या मिसिसागामधला आमचा जुना काँडो फ्लॅट आठवला, दोन हजार आठच्या हिवाळ्यातला.

बायकोने अंथरूण धरलं होतं, जेवण सुटलं होतं. तिला सांभाळायला फिलिपिन्सची लूझ यायची. लूझ इंग्रजीत बोलायची, ही मराठीत, तरी दोघींचं भागायचं. एका दुपारी लूझने तिच्या गावाकडची सुकी मासळी तळली. बाहेर बर्फ, तरी खिडकी सताड उघडी, कारण शेजारी वासाची तक्रार करायचे.

"मम्मी, आमचं कातबालोगान एवढंसं शहर," लूझ हिला सांगत होती. "पुढे समुद्र, मागे डोंगर. रस्त्याच्या कडेला मासळी वाळत असते."

"म्हणजे आमचं हर्णैच की," ही म्हणाली आणि भाताचे दोन घास खाल्ले. "मला घेऊन चल गं."

"मीच कुठे गेले? माझी आई वारली, तेव्हा मी इथे दुसऱ्याच्या आईला भरवत होते."

हिने पुढचा घास लूझच्या तोंडात घातला.

आठवड्याभरात ही गेली. त्या दुपारी मला वाटलं होतं, भूक लागली, आता उठेल. भूक कसली? तिला घर हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.