वेल्डिंग न मारलेलं स्टँड

मी अन् बायको शेवटचं सायकलीवर गेलो ते सक्करदऱ्याले वांगे आणाले. ती मागे कॅरिअरवर, तिनंच बांधलेल्या गादीवर. आठवड्यानं ती गेली. मग मी सायकलीले हात लावला नाही अन् गुडघा आखडला. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात पायडल मारा, नाहीतर चालणं बंद होईल.

पोरगा म्हणे, ही विकू अन् व्यायामाची मशीन आणू. माझं मन होईना. सायकल ढकलत महाल भागातल्या सायकल-मिस्त्रीकडं नेली अन् त्याले सारं सांगितलं. वीस वर्षं जातो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो आधी घंटी वाजवते, मग चाकाकडं पाहूनच बोलते.

"मशीन काहून घेता, बाबूजी? ही काय मेली का?" बोलला, अन् गादी दिसताच जीभ चावली.

मागचं चाक जागच्या जागी फिरावं म्हणून त्यानं लोखंडी स्टँड बनवलं.

मी म्हटलं, "वेल्डिंगच मार. आता मले कुठं जायचं आहे?"

"नाही मारत," तो चाकाले म्हणाला. "नटावर कसतो. पाय सुटला की खोला अन् निघा."

त्यासाठी काढलेलं कॅरिअर त्यानं परत लावलं. गादी होती तशीच, तिच्यासारख्याच गाठी मारून बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत पायडल मारलं. गुडघा दुखला, पण फिरला. लय दिवसांनी जीव हलका झाला. समोर नुसती भिंत होती, तरी घंटी वाजवली. उतरलो अन् नटाचा पाना खिडकीत, हाताशी ठेवला.