काकूंची वाटी

ढोकीच्या काकू कॉम्प्युटरवर ट्रॅक्टर चालवायच्या आणि देवीचं येरमाळा आलं की थांबवून हात जोडायच्या. गेममधल्या येरमाळ्याला हो! मागं उसाच्या ट्रॉल्या घेऊन आलेले आठ-दहा खेळाडू हॉर्न वाजवून वाजवून बेजार. कुणीतरी माइकवर ओरडायचं, "काकू, चला की हो!" त्यावर शांतपणे उत्तर यायचं, "आईला नमस्कार केल्याबिगर म्होरं जाऊ व्हय?" वास्तविक तिथं देऊळ आम्ही बनवलंच नव्हतं, नुसती टेकडी होती. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "टेकडी हाय नव्हं? मग आई वरच आसंल. तुमाला दिसत न्हाय एवढंच."

हा गेम जुना, परदेशी. बनवणारी कंपनी तो कधीच विसरून गेली. पण त्यात आपले रस्ते, आपली वाहनं घालायची सोय होती, आणि आमच्या भागातल्या हौशी मंडळींनी ती अशी काही वापरली की विचारू नका. ढोकीचा रस्ता आला, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला, सास्तूरकडची बैलगाडी आली. या सगळ्याची एक वेबसाइट होती, तिचं नाव 'फड'. रस्ते-वाहनं बनवणारेही तिथंच आणि खेळणारेही तिथंच. मी बनवणाऱ्यांतला. धाराशिवात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि गेममधल्या ट्रॉल्या माझ्या आहेत. त्या उलटतात अशी माझी बदनामी झाली होती. खरं सांगू का, लोकांना वळवताच येत नाही.

काकू फडावर आल्या त्या थोरला मुलगा नोकरीला पुण्याला गेला म्हणून. मुलगा गेला, कॉम्प्युटर मागं राहिला. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांनी उभा जन्म कारखान्यावर खरा ऊस वाहिलेला. ते मागं खाटेवर बसून शिकवायचे, "अगं, वळणावर गिअर टाक, हॉर्न काय वाजवतीस!" माइक चालूच असायचा, त्यामुळं संसार सगळ्या फडाला ऐकू यायचा. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, "जन्मभर तुमी चालवला, म्या डबा दिला. आता म्या चालवतीया, तुमी च्या ठेवा." काकांनी खरंच चहा ठेवला. भांड्याचा आवाज आम्ही ऐकला.

त्यांना कुणी काहीही विचारलं तरी आधी "जेवलास का?" हा प्रश्न यायचा. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचं मिळायचं नाही. एकदा मी ढोकीला त्यांच्या घरी गेलो, जाताना डब्यात पेढे नेले. निघताना डबा हातात आला तो शेंगांनी भरून. मी "कशाला, कशाला" करायला लागलो तर दटावलं, "रिकामं भांडं माघारी देऊ न्हाय. काहीच नसलं तर साखरंची चिमूट टाकावी, पर रिकामं धाडू न्हाय." मग जरा थांबून म्हणाल्या, "माजी दोन लेकरं पुण्याला. ती सणाला येत्यात. तुमी रोज येताव."

आणि नेमकी ही रोज येणारी लेकरं भांडायला लागली. खेळणारे म्हणायचे, नवा रस्ता कधी देणार? बनवणारे म्हणायचे, आम्ही काय तुमचे गडी आहोत? एखाद्यानं इंजिनाबद्दल दोन कामाच्या ओळी लिहाव्यात, तर खाली "ट्रॉली उलटली, ट्रॉली उलटली" असा शिमगा. आमच्यातला सगळ्यात हुशार गडी सोलापूरचा, त्याला आम्ही 'पाना' म्हणायचो. सगळी इंजिनं त्याची. एक दिवस त्यानं जाहीर करून टाकलं, "मी माझे सगळे ट्रॅक्टर काढून घेतो. खेळा बैलगाडी." तो गेला असता तर फड बसलाच होता.

तेव्हा काकूंनी लिहिलं, "वाटणी करा." बनवणाऱ्यांची साइट वेगळी, खेळणाऱ्यांची वेगळी. खेळणारे उसळले, काकू आपल्यातल्या असून बनवणाऱ्यांची बाजू घेतात म्हणजे काय! काकूंनी उत्तर दिलं, "आमी दोघी जावा एका चुलीवर रोज भांडायचो. चूल वेगळी झाली आन् तवापासून एकमेकीबिगर करमत न्हाय."

झाली वाटणी. खेळणाऱ्यांकडं 'फड' राहिला, आमचं 'वर्कशॉप' निघालं. वर्कशॉपात जो काही बनवतो त्यालाच प्रवेश. काकूंसाठी नियम वाकवायला आम्ही एका पायावर तयार होतो, पण त्यांनी साफ नकार दिला. "मला ट्रॅक्टर बनवता येतो व्हय? नियम म्हंजी नियम." फोनवर मात्र मला म्हणाल्या, "आर्धी लेकरं भिंतीपल्याड गेली रं. घर रिकामं वाटायलंय." वाटणी सुचवली त्यांनी आणि तिची झळही बसली ती त्यांनाच.

मग त्यांनीच वाट काढली. दर सोमवारी फडावरच्या सगळ्यांचं म्हणणं गोळा करून त्या मला पाठवायच्या, मी ते वर्कशॉपात पोस्ट म्हणून लावायचं आणि आलेलं उत्तर त्यांना धाडायचं. त्याला त्यांनी नाव दिलं 'वाटी'. जावेकडं भिंतीवरून कालवणाची वाटी जाते, तशी. तीत तक्रारी असायच्या, पण एखादी आवडलेली गोष्टही असलीच पाहिजे असा त्यांचा दंडक होता.

पहिल्याच वाटीला पान्यानं काय करावं? तक्रार वाचली, माझ्या ट्रॉलीचा तोल मुकाट्यानं दुरुस्त केला आणि 'झाले' असा शिक्का मारून वाटी बंद केली. एक शब्द नाही लिहिला. त्याच्या हिशेबी काम चोख होतं. संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "वाटी रिकामी आली रं."

मी पान्याला फोन करून चांगला झापला. तो चिडला, "काम केलंय की!" मी विचारलं, "तुझी आई शेजारणीची वाटी नुसती घासून परत देते का?" त्याच आठवड्यात त्यानं गेममध्ये येरमाळ्याच्या टेकडीवर एक दिवा लावला आणि वाटीत लिहिलं, "काकू, ट्रॉली नीट केली. वर बघा. आणि हो, मी जेवलो." काकूंनी तिथं ट्रॅक्टर थांबवला तो बराच वेळ हललाच नाही. मागची रांग वाढली, पण त्या दिवशी कुणी हॉर्न वाजवला नाही.

पुढं दोन्ही साइट गुण्यागोविंदानं नांदल्या. सोमवारी वाटी जायची, भरून यायची. पान्यानं ट्रॅक्टर काढून नेले नाहीतच, उलट वाटी यायला उशीर झाला की तोच मला विचारायचा, "काकूंची तब्येत बरी आहे ना?"

नातू झाला तेव्हा काकू-काका पुण्याला राहायला गेले. नातू मांडीवर असल्यावर कसला ट्रॅक्टर! जाताना त्यांनी शेवटची वाटी पाठवली. तीत तक्रार नव्हती. एवढंच होतं, "लेकरांनो, ही वाटी माघारी धाडू नका. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. वाटी न्यायच्या निमित्तानं येता येतंय."

ती वाटी आम्ही बंद केलेली नाही. वर्कशॉपात सगळ्यात वर ती तशीच उघडी आहे, आणि रिकामं भांडं न धाडण्याचं, साखरेच्या चिमटीचं काकूंचं बोलणं मी तिच्यात लिहून ठेवलंय. कुणी नवा रस्ता केला की आधी तिच्यात टाकतं. पान्याला मुलगी झाली, त्यानं फोटो तिच्यात टाकला. मीही अधूनमधून टाकतो. माझ्या ट्रॉल्या आता उलटत नाहीत, ते तर मी मुद्दाम ठळक अक्षरात टाकलंय.

परवा लातूरची एक नवी मुलगी वर्कशॉपात आली. आली तशी साफसफाईला लागली. मला विचारते, "दादा, ही वरची पोस्ट कसली आहे? तक्रार नाही, काम नाही, नुसतीच उघडी. बंद करून टाकू का?"

"हात लावू नकोस बाई," मी लिहिलं. "काकूंची वाटी आहे ती. न्यायला येणार आहेत त्या."

तिनं वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं असावं, कारण उत्तर यायला बराच वेळ लागला.

"मग दादा," तिनं विचारलं, "माझा पहिला रस्ता अजून अर्धाच झालाय. साखरेची चिमूट टाकली तर चालेल का?"