अस्वलाची वेणी

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या घरात सगळे अस्वल म्हणतात. तिच्या सासरीही म्हणतात. हे नाव तिला माझ्यामुळे पडलं आणि ते एका खोट्यावर उभं होतं. चाळिशी ओलांडेपर्यंत मी हे कुणालाही सांगितलं नाही.

लोह्याजवळच्या आमच्या गावी, शेतातल्या विहिरीच्या कपारीत एक मोहोळ होतं. मी तिसरी-चौथीत असेन. अक्का माझ्याहून बरीच मोठी, परकर-पोलक्यातली. "माझा नेम बघ," म्हणत मी दगड मारला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम लागला. त्यानंतरचं एवढंच आठवतं की अक्कानं मला कडब्याच्या गंजीत ढकललं आणि ती माझ्यावर पालथी पडली. मला एकच माशी चावली, कानाच्या पाळीला. बाकीच्या सगळ्या तिला चावल्या.

तिचं तोंड असं सुजलं की डोळे कुठे आहेत ते कळेना. अंगभर गांधी उठल्या, दम लागला. वडिलांनी, म्हणजे बापूंनी, बैलगाडी जुंपून तिला लोह्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या पायरीवर त्यांनी मला विचारलं, "कुणी डिवचलं रं मोहोळ?"

मी म्हणालो, "अक्का मध काढाया गेली व्हती."

अक्काला बोलता येत नव्हतं. सूज उतरल्यावर वडिलांनी तिलाही विचारलं. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग म्हणाली, "हाव, मीच." काका हसून म्हणाले, "मधासाठी जीव देणारं अस्वल जन्मलंय आपल्या घरात." तेव्हापासून ती अस्वल. पुढे ते नाव इतकं लाडाचं झालं की त्यात माझं पाप आहे हे मलाच विसरायला झालं असतं. झालं नाही. कुणी तिला अस्वल म्हणून हाक मारली की माझ्या कानाची पाळी आपोआप गरम व्हायची.

अक्का लग्न होऊन औशाकडे गेली. लेक झाली. मग भूकंप झाला. घराच्या भिंतीतला दगड तिच्या उजव्या खांद्यावर पडला. दाजींनी तिला आणि लेकीला बाहेर काढलं. तिघं वाचली, त्या गावात ही फार मोठी गोष्ट होती. खांद्याचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. भाकरी थापता येई, पाणी शेंदता येई, फक्त स्वतःचे केस विंचरता येत नसत. आणि अक्काचे केस म्हणजे खरोखर अस्वलाचे, दाट आणि कमरेपर्यंत.

तेव्हा दाजींनी फणी हातात घेतली. त्यांना पेड घालता येत होते ते फक्त बैलांच्या कासऱ्याचे. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी घातलेली पहिली वेणी इतकी घट्ट होती की अक्काच्या भुवया वर ओढल्या गेल्या आणि दिवसभर ती सगळ्यांकडे आश्चर्यानं बघत राहिली. शेजारच्या शेडमधल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसांत तिथे कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. महिन्याभरात त्याच बायका आपल्या पोरींना दाजींपुढे आणून बसवायला लागल्या.

पुढे तिघं लातूरला आली. तोवर लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले होते, आणि मीही एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागलो होतो. अक्का-दाजींनी कोचिंगच्या पोरींसाठी खाणावळ काढली. सकाळी पोह्यांच्या वेळी मागच्या पडवीत दाजी अक्काची वेणी घालत आणि पोरी ताटल्या घेऊन भोवती उभ्या.

"काका, आज फिशटेल घाला ना मावशीला."

"ते का असतं?"

"माशाच्या शेपटीसारखं."

"अस्वलाला माशाची शेपटी? डाक्टर व्हायला निघालाव, अन् येवढं कळंना?"

सगळं असं मजेत चाललं होतं, तेवढ्यात भाचीचं लग्न ठरलं. मुलगा नांदेडचा. अक्का मला एकदा स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाली, "लेकीच्या लग्नात मला माझ्या हातानं अंबाडा घालायचाय. एकदाच. कायबी कर." तिनं माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

हिमायतनगरच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला नांदेडच्या, सुया टोचून उपचार करणाऱ्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. त्यांचा स्वतःचा गुडघा आणि त्यांच्या बैलाचा पुठ्ठा, दोन्ही एकाच अंगणात मोकळे झाले होते. ते कसं, हे मी विचारलं नाही. रविवारी आम्ही तिघं निघालो.

नांदेडच्या बाहेर, हदगावच्या रस्त्याला तो दवाखाना होता. नवरा माणसांचा डॉक्टर, बायको जनावरांची. पुढच्या खोलीत माणसं, मागच्या अंगणात जनावरं, आणि कडेला करडईच्या शेताला लागून मधमाश्यांच्या पेट्या. पेट्या पाहिल्या आणि अक्का फाटकातच थबकली. मीही थबकलो.

अंगणात एक पांढरीशुभ्र वरातीची घोडी उभी होती. मागच्या पायानं लंगडत होती म्हणे. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पुठ्ठ्यावर पेनानं ठिपके काढले होते. त्या चिमट्यात एक माशी धरायच्या, तिची शेपटी ठिपक्याला टेकवायच्या, माशी डंख सोडायची. घोडी शेजारच्या बादलीतली हरभऱ्याची डाळ खाण्यात दंग होती. तिचा मालक, दाढीला मेंदी लावलेले एक चाचा, अक्काचा चेहरा पाहून म्हणाले, "बाजी, डरना नक्को. मेरी घोडी तो कान तक नै हिलाई."

दाजी म्हणाले, "चाचा, ती घोडी हाय. हिला लावून बघा, सगळं नांदेड हालंल."

"तो फिर इनकू भी डाळ खिलाओ!"

दाजींना चाचा एकदम पसंत पडले. ते तिथेच घोडीजवळ उभे राहिले आणि वरातीसाठी तीच घोडी ठरवायच्या मागे लागले. चाचा सांगत होते की ती ब्याँड ऐकल्याशिवाय चालतच नाही, अगदी पाण्यालासुद्धा. मी आणि अक्का आत गेलो.

डॉक्टरांनी तिचा हात उचलून, फिरवून पाहिला. म्हणाले, "सुया लावू, व्यायाम देतो. पण जुनं दुखणं आहे, वेळ लागेल. काहींना मधमाशीच्या विषानं आखडलेला सांधा लवकर सुटतो. मी खात्री देत नाही. जिथं सुई टोचायची, तिथंच माशीचा डंख, एवढाच फरक."

"मग माशीचं का होतं?" अक्कानं विचारलं.

"मरते बिचारी."

"अरे देवा." तिनं आखडलेला खांदा चाचपला. मग म्हणाली, "लावा. लगीन तोंडावर आलंय."

"आधी सांगा, कधी मधमाशी चावून अंगावर सूज, गांधी, दम लागणं असं काही झालंय?"

अक्का म्हणाली, "न्हाई." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखत होतो. सूज उतरल्यावर वडिलांनी विचारलं होतं तेव्हाची ती नजर. मी तुझ्यासाठी तोंड मिटलं होतं, आता तू माझ्यासाठी मीट, असं ती सांगत होती. आणि मी, जो दर वर्षी शंभर पोरांपुढे खडू आपटून सांगतो की शरीर एकदा ओळखलेलं विष विसरत नाही, मी खाली जमिनीकडे पाहत बसलो. मला वाटलं, मी तिची परतफेड करतोय.

डॉक्टर सावध माणूस. त्यांनी खांद्याला हातच लावला नाही. मनगटाच्या वर फक्त चाचणीपुरती माशी टेकवली आणि डंख लगेच नखानं खरवडून काढला. "आता बसून राहा," म्हणाले. अक्का बसून राहिली. जरा वेळानं तिनं तळहात खाजवला. मग कान. मग तिचा खालचा ओठ एका बाजूनं जाड झाला आणि ती म्हणाली, "जीभ जड व्हायलीय रं."

तेव्हा मी ओरडलो, "लहानपणी चावल्यात हिला! लई चावल्यात!"

डॉक्टरांच्या हातात इंजेक्शन आधीच होतं. ते मांडीत टोचत त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, तुम्ही शेजारीच बसला होतात ना?"

तिला त्यांच्याच जीपमध्ये घालून आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो, तर फाटकात घोडी आडवी. पुठ्ठ्यावर ठिपके, तोंडात डाळ, हलायचं नाव नाही. चाचांनी लगाम ओढला, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. शेवटी त्यांनी तोंडानंच ब्याँड वाजवला, "ढँटढँ ढँटढँ," आणि घोडी डौलात बाजूला झाली. जीपमध्ये, माझ्या खांद्यावर डोकं टेकलेली अक्का त्या सुजलेल्या ओठांनी हसली. मी तिचा हात धरून रडत होतो. दाजी पुढच्या सीटवरून मागे वळून सारखं विचारत होते, "का झालं? अरं, का झालं ते तरी सांगा."

मी सांगितलं नाही. तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का खाटेवर उठून बसली होती. चेहऱ्याची सूज उतरली होती, चहात बिस्किट बुडवत होती. दाजी खाली औषध आणायला गेले होते.

"का गप बसलास?" तिनं विचारलं.

"तू तसं बघितलंस म्हणून."

"मी बघितलं म्हणून? येड्या, मी मेले असते तर दाजीला काय सांगितलं असतंस? अक्का मध खाया गेली व्हती?"

आणि ती हसायला लागली. एवढं हसली की बिस्किट चहात पडलं आणि नर्स धावत आली. मला हसू येईना. मी तोंड उघडलं, चुकलं म्हणायला. तेवढ्यात दाजी आत आले. औषधाच्या पिशवीबरोबर त्यांनी एक नवी फणी आणली होती. "उठ, अस्वल," ते म्हणाले, "डोकं बघ का झालंय." माझा शब्द पुन्हा आत गेला.

डॉक्टरांनी माशी कायमची बंद केली. मला वेगळं बोलावून बरंच सुनावलं. नुसत्या सुया लावू म्हणाले. दर रविवारी मी अक्काला घेऊन जात होतो. घरी व्यायाम एकच, भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चालवायची. खाणावळीच्या भिंतीवर पोरींनी पेन्सिलीच्या रेघा ओढल्या. सकाळी अक्काची बोटं चढायला लागली की तिकडे पोरी ओरडायच्या, "मावशी, अजून थोडं! कालची रेघ गेली! कट-ऑफ गाठला!" एकदा बोटं रेघेच्या पुष्कळ वर गेली, तेव्हा एका पोरीनं हर्षानं ताटली वाजवली आणि सगळ्या खाणावळीत ताटल्या वाजल्या. सुयांनी हात सुटला की भिंतीनं की त्या ताटल्यांनी, मला सांगता येणार नाही. पूर्ण सुटला नाहीच. पण डोक्यामागे पोचला.

लग्न नांदेडच्या एका मंगल कार्यालयात होतं. वरपक्षाची वरात यायची होती आणि अक्का वधूच्या खोलीत आरशासमोर बसली होती. दोन्ही हात मागे. तिनं केस पिळले, गुंडाळले, मुठीत धरले. अंबाडा थोडा डावीकडे कलला, पण तिचा स्वतःचा होता. भाची टाळ्या वाजवत होती. दाजी मागे उभे राहून तोंडात आकडे धरून एकेक पुढे करत होते, आणि त्यांच्या तोंडावर आपलं काम गेल्याचं दुःख आणि कौतुक एकत्र दिसत होतं.

बाहेर ब्याँड वाजायला लागला. काका दारात आले. आता म्हातारे झालेत, पण आवाज तोच. "अस्वल! चल की, वरात आली! घोडी बघ कशी नाचाया लागलीय!"

माझ्या कानाची पाळी गरम झाली.

"काका," मी म्हणालो, "तिला अस्वल म्हणू नका. ती मध काढाया गेलीच नव्हती. दगड मी मारला व्हता. ती मला झाकून पडली व्हती, आन् मी बापूंना खोटं सांगितलं."

काका चौकटीला धरून उभे राहिले. "म्हंजे इतकी वर्सं आपण चुकीच्या माणसाला अस्वल म्हणून राहिलो?"

दाजींनी तोंडातले आकडे काढले. "मी रोज इंचरतो," ते म्हणाले. "मला इचारा. अस्वलच हाय."

खोली हसली. भाची हसली, काका हसले. अक्का हसली नाही. अंबाडा एका हातानं धरून ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"येवढंच?" ती म्हणाली.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"न्हाई. तुझं नाव घेऊन मी वाचलो, आन् मग तुझ्याच भल्याचं म्हणून तुला मरणाच्या दारात बसू दिलं. दोन्ही बारीला मला बोलता येत व्हतं. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर."