केळवलीमार्गे साजगाव, स्प्रिंगच्या सायकलवर

कोंडाण्याहून निघालो तेव्हा नुकते उजाडत होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कॅरिअरवर तांदळाची गोणी बांधली आणि दोरी दोनदा ओढून पाहिली. त्यांना हल्ली गाठ दिसत नाही, हाताला कळते. गोणी केळवलीच्या आत्यासाठी होती. बहिणीच्या दारावरून रिकाम्या हाताने जाणे आमच्याकडे चालत नाही.

मला जायचे होते साजगावला. तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि तोही आबांच्या जिवावर. पण पहिल्या पाळीला वेळेत पोचवील अशी गाडी आमच्या बाजूने नव्हती. साहेबांनी कामगारांच्या चाळीत खोली देऊ केली होती. हवी की नको, हे आज दुपारपर्यंत सांगायचे होते. खोली घेतली तर आबा घरात एकटे. सायकलने साथ दिली तर मी रोज घरी.

सायकल माझी शाळेपासूनची. तिला मी फवारणी पंपाचे मोडीतले इंजिन बसवले होते, पण आमच्या खडीच्या रस्त्याने पहिल्याच दिवशी त्याचे नट गळून पडले. मग कर्जतच्या इब्राहिमचाचा वेल्डिंगवाल्यांनी सांगाडा मधून कापला, मागचे चाक बिजागरीवर घेतले आणि पुढे-मागे भंगारातल्या स्कूटरच्या स्प्रिंगा बसवल्या. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत चामड्याचा पट्टा, तोही गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून कापलेला. तो मापताना सायकल हलू नये म्हणून आबा कॅरिअरवर बसले होते.

"मागं दह्याचं मडकं ठेव, फुटायचं नाय," चाचा म्हणाले होते. "इंजिनाचं मात्र मी काय बोलत नाय."

कर्जत मागे पडले तरी माझे कान इंजिनाकडेच होते. भातखाचरांत वाल हिरवा दिसत होता. डावीकडे सह्याद्रीची भिंत उजळत होती, पण तिच्याकडे नीट पाहायचा धीर मला झाला नाही. खड्डा आला की मी हँडल घट्ट धरायचो. स्प्रिंगा खाली-वर व्हायच्या, पट्टा चालत राहायचा. पळसदरी गेली, तरी माझा विश्वास बसेना.

केळवलीला आत्याने तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली. गोणी उतरवून घेतली आणि लगेच वालाची पिशवी अन् दोन तांबडे भोपळे अंगणात आणून ठेवले. पुढे चढ होता. ओझे कमी तर चढ सोपा, असा माझा हिशेब. येताना नेतो, असे मी सांगितले.

"माझ्या दारातून रिकामा जातोस व्हय रं?" आत्या म्हणाली. "शिकलास म्हनून रीत बदलली का?"

मी हसून वेळ मारून नेली आणि निघालो.

चढ लागायच्या आधीच पट्टा कुरकुरू लागला. चाक जड झाले, चामडे करपल्याचा वास आला आणि इंजिन बंद पडले. खाली उतरून पाहतो तर पट्टा तारेसारखा ताणलेला, त्याच्या सांध्याची पिन उघडत आलेली. सकाळपासून काहीही न झालेल्या पट्ट्याला आताच काय झाले? ऊन चढत होते. साहेबांपुढे उभे राहून खोली हवी म्हणताना मी स्वतःला दिसू लागलो, आणि अंधारात चूल चाचपणारे आबाही.

हताश होऊन मी कॅरिअरवर टेकलो. स्प्रिंग दबली, मागचे चाक वर सरकले आणि पट्टा सैल पडला. उठलो, पुन्हा ताणला. दोनदा बसून पाहिले. मग उलगडा झाला. पट्टा मापला तो आबांच्या वजनाने स्प्रिंग दबलेली असताना. सकाळी त्यांच्या जागी गोणी होती. गोणी उतरली आणि सायकल उंच झाली.

पिन दगडाने ठोकून मी सायकल ढकलत आत्याच्या दारात परत गेलो. सांगायची लाज वाटत होती, पण सांगितले.

आत्या पदर तोंडाला लावून हसली. "तुझ्या आबाच्या वजनाची सायकल हाय ती. तिला रीत कळते, तुला नाय कळत." तिने वाल, भोपळे आणि वर पाटा बांधून दिला. पाटा परत आणायची तंबी मात्र दिली.

त्या ओझ्यासह चढ चढताना प्रत्येक वळणावर मी मान वळवून पट्टा पाहत होतो. पट्टा टिकला. कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी पाट्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, इथं नोकरी करायची हाय का सौंसार मांडायचाय?" मी आत गेलो आणि साहेबांना सांगितले, खोली नको.

परतताना आत्याला पाटा दिला. त्याच्या जागी तिच्या अंगणातला दगड मागून घेतला.

संध्याकाळी कोंडाण्याच्या वळणावर आबा उभे होते. इंजिनाचा आवाज दुरून ऐकून आले असावेत. मी उतरलो. त्यांनी कॅरिअरवर हात फिरवला. भोपळे, पिशवी, दगड.

"दगड कशाला रं?"

"तुमच्या जागी," मी म्हणालो. "रोज न्यावा लागंल."

रोज, हा शब्द त्यांनी ऐकला. दोरीची गाठ चाचपून त्यांनी ती थोडी घट्ट केली आणि पुढे चालू लागले. मी इंजिन बंद ठेवून त्यांच्या मागे घरापर्यंत सायकल ढकलत नेली.