बोटांनी बघणारा मिस्त्री

तामलवाडीच्या नाक्यावर आमच्या चळवळीतल्या एका वकिलांची जुनी मोटर बंद पडली, तेव्हा ती मी चालवत होतो आणि शेजारीच निजामाचा जवान उभा होता. स्टार्टर जळाला होता आणि इंजिन हातानं फिरवायचं हँडलही मोडलेलं. गावातला मिस्त्री एका मोडक्या लॉरीचा स्टार्टर काखेत मारून आला. इंजिन आणि पत्रा यांच्यामध्ये जेमतेम एक हात जाईल एवढी फट होती. त्याच फटीत मी सोलापुरात छापलेली निजामाविरुद्धची आमची पत्रकं दडवली होती. सापडली असती, तर मी थेट तुरुंगात.

मिस्त्रीनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तोंड आभाळाकडं केलं. त्याची बोटंच बघायची. निघालेला बोल्ट दातांत धरून तो गुणगुणत होता. एकाएकी गुणगुणणं थांबलं.

"क्या मिला रे?" जवानानं विचारलं.

"चूहे का घर है साब," तो दातांतल्या बोल्टसकट बोलला. "काटेगा."

जवान दोन पावलं मागं सरला.

तासाभरात स्टार्टर बसला आणि मोटर धडधडू लागली. हात पुसत मिस्त्री माझ्या कानाशी लागला. "तापल्या नळीला टेकवून कागद ठिवतंय व्हय कुणी? जळून मेला असता की. तारेनं लांब बांधलेत. निघा आता."

त्या पत्रकात मी मोठ्या आवेशानं लिहिलं होतं, 'आमची जनता झोपलेली आहे.' तुळजापुरात वाटण्याआधी मी एकेका प्रतीवरचं ते वाक्य शाईनं खोडत बसलो.